रिकामा चौथरा रिकामा राहत नाही

मे 2025 मध्ये स्लोव्हेनियातल्या सेव्हनित्सा गावाजवळून मेलानिया ट्रम्प यांचा, म्हणजे डोनाल्ड ट्रम्प यांच्या तिथेच वाढलेल्या पत्नीचा, ब्राँझचा पुतळा चोरीला गेला. चोरट्यांनी तो घोट्यांपासून कापून नेला. बातमी जगभर चवीने वाचली गेली, चार दिवस विनोद झाले, आणि मग पुतळ्याची कुठलीही बातमी आली की जे होतं तेच झालं. सार्वजनिक जागेत कोणती शिल्पं असावीत, ती कुणी ठरवावीत आणि कुणाच्या पैशाने उभारावीत, हा जुना वाद पुन्हा उकरून निघाला. वाद जुना आहे याची तक्रार नाही. तो दर वेळी त्याच दोन मुक्कामांवर जाऊन बसतो, याची आहे.

एक बाजू म्हणते, गावातल्या माणसाने करवतीने कोरलेली मेलानिया बघायला माणसं लांबून येतात. सरकारी अनुदानावर जगणाऱ्या कलासंस्था जे गंजके पत्रे आणि काँक्रीटचे ठोकळे उभे करतात, त्यांच्याकडे कुत्रंही फिरकत नाही, आणि फिरकलंच तर ते कशासाठी हे सांगायला नको. दुसरी बाजू म्हणते, लोकांना कळत नाही, म्हणूनच अशा संस्था हव्यात. त्या लोकांची अभिरुची घडवतात. मला दोन्ही बाजू चुकलेल्या वाटतात, आणि दुसरी जरा जास्तच, कारण ती माझ्या बाजूची आहे. समकालीन शिल्पकलेसाठी संस्था असावी आणि तिला करदात्यांचा पैसा मिळावा, असं माझं स्पष्ट मत आहे. पण लोकांना शहाणं करणं हे त्याचं कारण नव्हे. शिल्प ही मुळातच सांभाळावी लागणारी कला आहे आणि सांभाळणारं कुणी नसेल तर चौथऱ्याचा ताबा सत्ता घेते, हे ते कारण. हे कारण मान्य केलं की संस्थेकडे जाब मागण्याची रीतही बदलते, आणि तिथे मग संस्थांची बाजू घेणाऱ्यांचीच अडचण सुरू होते.

आधी मेलानियाचं बघू, कारण 'लोकांची कला विरुद्ध तज्ज्ञांची कला' ही मांडणी तिच्यावरच तोलून धरली जाते. 2019 मध्ये उभा राहिलेला मूळ पुतळा लाकडी होता. लिंडेनच्या झाडाचं खोड जागेवरच करवतीने कोरून केलेला, निळ्या कोटातला, हात वर केलेला. कोरणारा स्थानिक हौशी कारागीर होता, हे खरं. पण त्याच्याकडून ते काम करवून घेणारा होता ब्रॅड डाउनी, बर्लिनमध्ये राहणारा अमेरिकन संकल्पनात्मक कलावंत. म्हणजे ज्याला आपण रांगडी लोककला समजून डोक्यावर घेतोय, ते समकालीन कलेच्या आतल्या गोटातलंच एक काम होतं. गावकऱ्यांचं म्हणाल तर त्यांच्यातही एकमत नव्हतं. काहींना तिच्यात कार्टूनमधली निळी स्मर्फेट दिसली. 4 जुलै 2020 ला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, कुणीतरी ती पेटवून दिली. त्याच सप्टेंबरात तिथे ब्राँझची प्रतिकृती आली, आणि पाच वर्षांच्या आत तीही गेली. लोकांची म्हणवली जाणारी मेलानिया एकदा जळली आणि एकदा चोरीला गेली. तिला राखणारं कोण होतं?

या वादातला निम्मा गोंधळ शब्दांचा आहे. मराठीत आपण पुतळा, शिल्प आणि स्मारक हे तीन शब्द वेगळे ठेवतो. पुतळा कुणाचा तरी असतो, स्मारक कशाचं तरी असतं, शिल्प मात्र कुणाचंही नसलं तरी चालतं. स्लोव्हेन भाषेत 'किप' या एका शब्दात पुतळा आणि शिल्प दोन्ही बसतात; शिल्पकाराला 'किपार' म्हणतात. स्मारकाला 'स्पोमेनिक', आणि तो शब्द 'स्पोमिन' म्हणजे स्मरण यातून आलेला, आपल्या 'स्मारक'सारखाच. चौकात जे उभं आहे ते कुणाची तरी आठवण म्हणूनच असणार, ही अपेक्षा तिथेही घट्ट आहे. त्यामुळे अमूर्त शिल्पासमोर उभा राहिलेला माणूस 'हे कुणाचं?' असं विचारतो, तेव्हा तो अडाणी नसतो. चौकातली शिल्पं त्याने आजवर ज्या कारणांसाठी पाहिली, त्यांतूनच त्याचा प्रश्न येतो.

विरोधकांचा सगळ्यात भक्कम मुद्दा निवडीचा आहे, आणि तो मला मान्य आहे. पुस्तक आवडलं नाही तर मिटून ठेवता येतं. प्रदर्शनाला जायचं नसेल तर नाही जायचं. पण रोज कामावर जायच्या वाटेवरचं शिल्प टाळायचं कसं? ते तुमच्या पैशाने उभं राहतं, तुमची वाट अडवतं, वर तुम्हालाच अडाणी ठरवतं. याला 'थांबा, उद्या आवडायला लागेल' एवढंच उत्तर असेल, तर ते उर्मट आहे.

हे उर्मट उत्तर देताना राजधानी ल्युब्लियानात हमखास पुढे केलं जाणारं उदाहरण म्हणजे फ्रान्त्से प्रेशेरेनचा पुतळा. प्रेशेरेन हा स्लोव्हेनियाचा राष्ट्रकवी. त्याचा मृत्युदिन, 8 फेब्रुवारी, तिथे सार्वजनिक सुट्टीचा सांस्कृतिक दिन आहे. कवी गेल्याचा दिवस देशभर सुट्टी देऊन पाळणारी माणसं, यावरून त्यांचा पिंड ओळखावा. इव्हान झायेत्सने घडवलेला आणि माक्स फाबियानीने चौथरा रचलेला हा पुतळा 1905 मध्ये उभा राहिला. कवीच्या डोक्यावर काव्यदेवता, हातात लॉरेलची फांदी, कमरेच्या वर वस्त्र नाही, आणि समोर फ्रान्सिस्कन चर्च. बिशप येग्लिच संतापले. देवीचं दर्शन चर्चच्या दारातून होऊ नये म्हणून मध्ये झाडं लावल्याचं सांगतात. आज तोच चौक शहराचं हृदय आहे, भेटायचं ठरवताना पोरंपोरी तिथलीच जागा सांगतात, आणि कवीची नजर पलीकडच्या रस्त्यावरच्या भिंतीत बसवलेल्या त्याच्या प्रेयसीच्या, युलियाच्या, मूर्तीकडे आहे हे पर्यटकांना कौतुकाने दाखवलं जातं.

गोष्ट छान आहे, पण पुरावा म्हणून कुचकामी. ज्या शिल्पांना शिव्या बसल्या आणि जी पुढे लाडकी झाली, तेवढीच आपल्या लक्षात राहतात. ज्यांना शिव्या बसल्या आणि ज्यांची तेवढीच लायकी होती, त्यांची नावं कोण जपतं? शिवाय बिशपचा आक्षेप घाटाला नव्हता, उघड्या छातीला होता. काळाने नीतीच्या कल्पना बदलल्या. त्याने झायेत्सची छिन्नी सुधारली नाही. 'प्रत्येक नवं शिल्प म्हणजे उद्याचा प्रेशेरेन' हा युक्तिवाद समकालीन कलेच्या समर्थकांनी सोडून द्यावा. तो ऐकला की मलाच समोरच्याची बाजू घ्यावीशी वाटते.

मग संस्था हवी कशाला? याचं उत्तर वजनात आहे, अगदी किलोच्या अर्थाने. स्लोव्हेनियाचं क्षेत्रफळ साधारण 20,000 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याच्या सव्वापटीच्या आसपास. लोकसंख्या सुमारे 21 लाख. एवढ्या माणसांत कवितेला वाचक मिळू शकतो, कारण कवीला लागतो कागद. शिल्पकाराला दगड लागतो, दगड आणायला ट्रक, उतरवायला क्रेन, कोरायला महिने आणि ठेवायला जागा. ब्राँझ असेल तर आधी माती, मग साचा, मग मेण, मग भट्टी. मोठ्या शिल्पाला विकत घेणारं गिऱ्हाईक इतक्या लहान देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं. बाजारावर सोडलं तर शिल्पकला मरणार नाही. ती टेबलावर मावेल एवढी होईल. चित्रकाराच्या किंवा कवीच्या बाबतीत 'बाजाराला ठरवू द्या' हा मुद्दा निदान चर्चेचा आहे. शिल्पाच्या बाबतीत त्याचा अर्थ एवढाच की घरात मावेल ते राहील, मावणार नाही ते होणारच नाही.

ही अडचण स्लोव्हेन शिल्पकारांनी स्वतः ज्या पद्धतीने सोडवली, ती मला या सगळ्या विषयातली सर्वांत शहाणी गोष्ट वाटते. 1959 मध्ये ऑस्ट्रियात सांक्ट मार्गारेटेनच्या दगडाच्या खाणीत कार्ल प्रांट्ल याने शिल्पकारांना एकत्र बोलावून उघड्यावर काम करण्याची प्रथा सुरू केली. ती कल्पना उचलून याकोब साविन्शेक आणि यानेझ लेनासी या दोन शिल्पकारांनी 1961 मध्ये 'फोर्मा विवा' सुरू केलं. लॅटिन नाव, अर्थ, जिवंत आकार. साविन्शेक त्याच वर्षी गेला, चाळिशीही न गाठता. उपक्रम मात्र टिकला. व्यवहार साधा होता. देशोदेशीच्या शिल्पकारांना बोलवायचं. राहणं, जेवण, साहित्य, हत्यारं, मदतीला माणसं द्यायची. उन्हाळाभर त्यांनी उघड्यावर काम करायचं. आणि झालेलं काम तिथेच ठेवून जायचं.

यातली खरी मेख साहित्याच्या निवडीत होती. कोस्तान्येवित्सा हे क्रका नदीच्या वेढ्यातलं बेटासारखं गाव, जवळच क्राकोवोचं ओकचं जुनं जंगल, तिथे लाकूड. पोर्तोरोजजवळच्या सेचा या समुद्रकाठच्या टेकाडावर, मिठागरांच्या वर, दगड. 1964 पासून राव्ने या पोलाद कारखान्याच्या गावात पोलाद. 1967 पासून मारिबोर या औद्योगिक शहरात काँक्रीट. ज्या गावाच्या हाताला जे काम ठाऊक, तेच त्याने शिल्पाला दिलं. राव्नेच्या कारखान्यातला वेल्डर परदेशी शिल्पकाराबरोबर उभा राहून पत्रा जोडत होता. त्याला ते शिल्प 'कळलं' की नाही, हा प्रश्न मला तरी गौण वाटतो. ते कसं जोडलंय हे त्याला आपल्यापेक्षा नक्की जास्त कळलं होतं. एरवी सार्वजनिक शिल्प लोकांपुढे येतं ते अनावरणाच्या दिवशी, कापडाखालून, आयतं. इथे माणसांनी ते होताना पाहिलं. धूळ खाल्ली, आवाज सहन केला, हा बाबा दोन महिने काय करतोय म्हणून कुंपणाशी उभं राहून टिंगल केली. निवडीचा जो मुद्दा मी वर मान्य केला, त्याला पूर्ण उत्तर मिळत नाही, पण जे काही मिळतं ते इथेच. मतदान घेऊन शिल्प निवडता येत नाही. ते लोकांच्या डोळ्यांदेखत घडवता मात्र येतं.

कोस्तान्येवित्साच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. लादो स्म्रेकार हे तिथल्या शाळेचे मुख्याध्यापक. त्यांनी आधी शाळेतच कलादालन उभारलं, आणि दुसऱ्या महायुद्धात जळालेला गावाबाहेरचा तेराव्या शतकातला सिस्टर्शियन मठ पुन्हा उभा राहावा म्हणून ते झटले. आज त्या मठात चित्रकार बोझिदार याकात्स यांच्या नावाचं कलासंग्रहालय आहे आणि आवारात ओकची शिल्पं उभी आहेत. 'अभिजन राजधानीतून खेड्यांवर कला लादतात' हे चित्र इथे बसत नाही.

दुसरा भक्कम आक्षेप सरकारी पैशाचा. ज्याचं खावं मीठ, त्याचं गावं गीत. हा आक्षेप युगोस्लाव्ह काळाला, म्हणजे स्लोव्हेनिया साम्यवादी युगोस्लाव्हियाचा भाग होता त्या काळाला, तर नेमका लागू पडतो, तो झटकून चालणार नाही. 1948 मध्ये युगोस्लाव्हियाचा सर्वेसर्वा टिटो आणि सोव्हिएत नेता स्टालिन यांच्यात बेबनाव झाला. त्यानंतर काही वर्षांतच युगोस्लाव्हियाने समाजवादी वास्तववाद, म्हणजे कामगार-पुढाऱ्यांचं गौरवचित्रण करणारी सोव्हिएत धाटणीची कला, बाजूला ठेवला आणि अमूर्त कलेला मोकळी वाट दिली. हे निव्वळ कलाप्रेम नव्हतं. 'आम्ही मॉस्कोसारखे नाही' हे जगाला दाखवायला अमूर्त शिल्पासारखा दुसरा पासपोर्ट नव्हता. फोर्मा विवा सुरू झालं ते 1961 साल म्हणजे बेलग्रेडच्या अलिप्ततावादी परिषदेचं साल, ज्या परिषदेला नेहरू हजर होते. देशोदेशीचे शिल्पकार एका मठाच्या आवारात छिन्नी चालवताहेत, हे दृश्य टिटोच्या परराष्ट्र धोरणाला शोभणारंच होतं.

पण म्हणून काय? राजाने आपल्या कारणासाठी विहीर खणली, तर गावाने पाणी पिऊ नये का? विचारायचं ते हे, की सत्तेच्या पैशातून शिल्पकाराला मोकळीक किती मिळाली. इथे तुलना करता येते, कारण त्याच राजवटीने दुसऱ्या रीतीनेही पुतळे उभारले. वेलेन्ये या खाणगावात 1977 मध्ये टिटोचा 10 मीटर उंचीचा पुतळा उभा राहिला. तो क्रोएशियन शिल्पकार आन्तुन आउगुस्तिंचिच याचा. टिटोचा जगातला सर्वांत उंच पुतळा म्हणून त्याची ख्याती. त्याच्या दोन वर्षं आधी, 1975 मध्ये, मारिबोरच्या चौकात स्लाव्को तिहेत्सने मुक्तियुद्धाचं स्मारक उभारलं होतं, पण त्याचा घाट इतका वेगळा, गोल टकलासारखा, की लोकांनी त्याला अमेरिकन मालिकेतल्या टकल्या पोलिसाचं नाव देऊन टाकलं: कोजॅक. पैसा एकाच तिजोरीतला, विषयही एकाच विचारसरणीचा. तरी एका ठिकाणी पुढारी उभा आहे आणि दुसऱ्या ठिकाणी एक आकार, ज्याला टोपणनाव ठेवायची लोकांची हिंमत झाली. वेलेन्येतल्या टिटोला त्या काळी उघडपणे टोपणनाव ठेवून पाहायचं होतं!

आणि समजा सरकारने शिल्पकलेला एक पैसाही दिला नाही. संस्था बंद, संमेलनं बंद. मग चौक मोकळे राहतील? ल्युब्लियानाचा इतिहास याचं उत्तर फार सरळ देतो. 1895 च्या भूकंपाने शहर उद्ध्वस्त झालं, ऑस्ट्रिया-हंगेरीचा सम्राट फ्रान्त्स योझेफ भेटीला येऊन गेला. कृतज्ञता म्हणून न्यायालयासमोरच्या बागेत 1908 मध्ये त्याचा पुतळा बसला. 1918 मध्ये साम्राज्य गेलं, पुतळाही गेला. चौथरा राहिला. 1926 मध्ये त्याच चौथऱ्यावर भाषाशास्त्रज्ञ फ्रान्त्स मिक्लोशिच याचा अर्धपुतळा आला. (सम्राटाच्या जागी भाषाशास्त्रज्ञ! हा तोच मिक्लोशिच, ज्याने युरोपभरच्या रोमा लोकांच्या बोली गोळा करून त्यांची भारतापासूनची वाट शोधली.) पण असे सुखद बदल थोडे. 1931 मध्ये नगरभवनासमोर नव्या युगोस्लाव्ह राजघराण्यातला राजा पेटर आला, 1940 मध्ये झ्वेझ्दा बागेत राजा अलेक्सांदर. 1941 मध्ये इटालियन फौजा शहरात शिरल्या आणि त्याच वर्षी दोघेही गेले. युद्धानंतर किद्रिच आला, कार्देल्य आला, दोघेही साम्यवादी पुढारी. या प्रत्येक पुतळ्याला पैसा मिळाला, जागा मिळाली, क्रेन मिळाली. 'करदात्याचा पैसा कशाला' हा प्रश्न अशा वेळी दबक्या आवाजात विचारला जातो, आणि दगडाच्या निराकार गोळ्यासमोर मात्र खणखणीत. संस्थेचं अनुदान बंद केल्याने शिल्पांवरचा खर्च वाचत नाही. तो दुसऱ्या खात्यात जातो.

तीच झ्वेझ्दा बाग, 1968 चा 30 डिसेंबर. 'ओहो' नावाच्या कलावंतांच्या गटातले तीन लांब केसांचे तरुण एकाच काळ्या कापडाखाली कमीजास्त उंचीवर उभे राहिले, डोकी तेवढी बाहेर. नाव दिलं 'त्रिग्लाव्ह पर्वत'. त्रिग्लाव्ह म्हणजे स्लोव्हेनियाचं सर्वोच्च शिखर, आणि शब्दशः अर्थ 'तीन डोक्यांचा'. राष्ट्राचं पवित्र प्रतीक, ज्या जागी अठ्ठावीस वर्षांपूर्वी घोड्यावरचा राजा बसवला होता त्याच बागेत, तीन केसाळ पोरं आणि एक कापड. खर्च जवळजवळ शून्य. इथे अनुदानविरोधक मला हसून विचारू शकतात: बघा, देशातलं सगळ्यात गाजलेलं शिल्प फुकटात झालं; मग तुमची संस्था कशाला? प्रश्न बिनतोड वाटतो. पण ते काही मिनिटांचं काम आपल्याला आज ठाऊक का आहे? कुणीतरी छायाचित्र काढलं, कुणीतरी ते जपलं, संग्रहालयाने ते भिंतीवर लावलं, पुढच्या पिढीच्या कलावंतांनी 2004 आणि 2007 मध्ये ते पुन्हा नव्याने करून पाहिलं. त्या कामाचं शिल्प झालं ते या जपणुकीने. आणि याच गटाचा एक संस्थापक, शिल्पकलेचं शिक्षण घेतलेला मार्को पोगाच्निक, याने 1991 मध्ये स्वतंत्र स्लोव्हेनियाची राजमुद्रा रेखाटली, त्रिग्लाव्हच्या तीन शिखरांची. थट्टा करणाऱ्यांच्या गोटातूनच राज्याला आपलं चिन्ह मिळालं. हे कुणी योजून केलं असतं तर जमलं नसतं.

त्याच परिसरात, बागेला लागून असलेल्या काँग्रेस चौकात, 2017 च्या जुलैमध्ये 'सर्व युद्धांतल्या बळींचं' राष्ट्रीय स्मारक उभं राहिलं. समोरासमोर दोन उंच काँक्रीटच्या भिंती. हे उदाहरण माझ्या बाजूला गैरसोयीचं आहे, म्हणून टाळत नाही. दुसऱ्या महायुद्धात स्लोव्हेन समाज आतून फाटला होता: एकीकडे कब्जा करणाऱ्यांशी लढणारे साम्यवादी नेतृत्वाखालचे पार्टिझन, दुसरीकडे त्यांच्याविरुद्ध, जर्मनांच्या पाठबळावर लढणारे होमगार्ड, युद्ध संपल्यावर त्या दुसऱ्या बाजूच्या हजारो माणसांना खटल्याशिवाय मारून दऱ्याखोऱ्यांत पुरलं. या जखमेवर निराकार भिंती हा उतारा कसा? ज्याच्या आजोबांना कब्जा करणाऱ्यांनी मारलं आणि ज्याच्या आजोबांना मुक्तिदात्यांनी, त्या दोघांना एकाच 'सर्व' शब्दात बसवणं दोघांनाही अन्यायाचं वाटू शकतं. अमूर्ततेचा इथे आडोसा म्हणून वापर झाला असं कुणी म्हटलं तर मी फार भांडणार नाही. शिल्पकाराकडून समाजाने ते काम मागितलं, जे संसदेला आणि इतिहासकारांना अजून पुरतं जमलेलं नाही. समकालीन शिल्पकलेचा प्रसार करणाऱ्या संस्थेने अशा वेळी 'हे आमचं काम नव्हे' असं म्हणण्याचं धाडस दाखवायला हवं. ती सहसा दाखवत नाही, कारण मोठं काम म्हणजे मोठा निधी.

आता कंपूबाजीचा आरोप. तो खोटा नाही, आणि 21 लाखांच्या देशात तो खोटा असूही शकत नाही. शिल्पकला शिकवणारी मुख्य अकादमी राजधानीत, 1945 सालची. आज जो परीक्षक, तो कालचा शिक्षक; आज ज्याचं काम निवडलं, तो उद्याचा परीक्षक. यावर उपाय म्हणून लोकमताचा कौल सुचवला जातो. पण कौल घेतला की सगळ्यांना आधीच ठाऊक असलेला चेहरा जिंकतो, आणि मग आपण पुन्हा पुतळ्यापाशी. फोर्मा विवाने परदेशी पाहुण्यांना बोलावून हा प्रश्न थोडा सौम्य केला. जो उन्हाळाभर येऊन काम इथेच ठेवून परत जाणार, त्याला स्थानिक कंपूशी देणंघेणं कमी. पूर्ण उपाय हा नाही. लहान देशात पूर्ण उपाय नसतोच.

आता माझ्या बाजूची खरी अडचण. शिल्प उभारणाऱ्या संस्थेचं मोजमाप आपण अनावरणांनी करतो: या वर्षी किती प्रदर्शनं, किती नवी शिल्पं, किती देशांचे कलावंत. त्यामुळे ती अनावरणंच करत राहते. पण शिल्पाचं आयुष्य त्यानंतर सुरू होतं. पोलाद गंजतं. काँक्रीटमध्ये पाणी शिरतं, आतली सळई फुगते, वरचा थर सुटून पडतो. दगडावर शेवाळ धरतं. आणि ओक, कितीही टणक असला तरी, जमिनीलगत ओल धरतो, बुरशी चढते, आतून पोकळ होतो. कोस्तान्येवित्साच्या जुन्या शिल्पांचं हेच झालं आहे. साठच्या दशकात कोरलेलं लाकूड उघड्या पावसात आणि बर्फात साठ वर्षं जसंच्या तसं राहील, अशी अपेक्षा कुणीच ठेवू नये.

मग करायचं काय? छप्पर घालायचं? मग ते उघड्यावरचं शिल्प उरत नाही. नव्या ओकमध्ये नक्कल कोरायची? ल्युब्लियानातल्या फ्रान्चेस्को रोब्बाच्या 1751 च्या संगमरवरी कारंज्याचं तसंच केलं: मूळ कारंजं राष्ट्रीय कलादालनात सुरक्षित ठेवलं आणि चौकात प्रतिकृती बसवली. पण रोब्बाचं कारंजं आधी रेखाटून, आराखड्याबरहुकूम घडवलेलं होतं. ओकच्या एका विशिष्ट बुंध्याशी, त्याच्या गाठींशी आणि चिरांशी झटत केलेल्या कामाची नक्कल दुसऱ्या बुंध्यात कशी होणार? तिसरा मार्ग, त्याला मरू द्यायचं. मला हा मार्ग अजिबात लाजिरवाणा वाटत नाही, पण एका अटीवर: तो निर्णय असावा, दुर्लक्ष नव्हे. कुणीतरी दर वर्षी जाऊन पाहावं, कोणत्या शिल्पाला तेल द्यायचं, कोणत्याला आधार, कोणतं मुलांच्या अंगावर पडण्याआधी आडवं करायचं हे ठरवावं, आणि जे जातंय त्याची मापं आणि छायाचित्रं नोंदून ठेवावीत. तीन पोरांच्या काळ्या कापडाला एवढी जपणूक मिळाली, तर टनभर ओकला का मिळू नये?

म्हणून माझी मागणी संस्था बंद करा अशी नाही, आणि तिला निमूटपणे पैसे द्या अशीही नाही. प्रत्येक नव्या शिल्पाच्या खर्चात पुढच्या वीस वर्षांच्या देखभालीची रक्कम आधीच वेगळी काढून ठेवलेली असावी, आणि ती नसेल तर शिल्प मंजूरच होऊ नये. फ्रान्समध्ये 1951 पासून आधी शैक्षणिक आणि पुढे इतरही सार्वजनिक इमारतींच्या खर्चाचा एक टक्का कलाकृतीसाठी काढण्याचा नियम आहे; नियम चांगला, पण तोही उभारणीचा. सांभाळण्याच्या टक्क्याचं कुणी बोलत नाही, कारण तेल लावण्याच्या कामाला फीत कापायला मंत्री येत नाही.

यावर शिल्पकार मित्र लगेच म्हणतील की असं केलं तर नवी शिल्पं निम्म्यावर येतील, तरुणांना संधी मिळणार नाही. हिशेब बरोबर आहे. निम्म्यावर येतील. येऊ देत.